सुज्ञतेचे दान



दृढीकरण संस्काराच्या तयारीला बसलेली मुले पवित्र आत्म्याची सात दाने घडाघडा म्हणून दाखवतात. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील अकराव्या अध्यायावर ही यादी आधारलेली आहे. पाठ म्हणताना एक गोष्ट मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. या यादीत सुज्ञता पहिली आहे आणि ज्ञान पाचवे. दोन्ही एकच असती तर ख्रिस्तसभेने ती वेगवेगळी मोजली नसती.

आज आपल्याकडे ज्ञानाचा तोटा नाही. कॉलेज रोडला एक चक्कर मारली की क्लासच्या पाट्या मोजताना थकायला होते. सकाळी मोबाईल उघडावा तर चहाच्या आधी दहा सुविचार हजर. मुलाला किती टक्के पडले हे आपण शेजाऱ्याला न विचारता सांगतो. पण घरात जमिनीच्या वाटणीवरून दोन भाऊ बोलेनासे झाले, किंवा मुलीने घराला न पटणारा निर्णय घेतला, की पदव्यांनी भरलेले घरसुद्धा गोंधळून जाते. तिथे काय करायचे हे कोणत्याच पुस्तकात सापडत नाही. अशा वेळी घरातली एखादी म्हातारी एक वाक्य बोलते आणि गाठ सुटते. तिला आपण एरवी काही विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

ज्ञान आणि सुज्ञता यांतला फरक व्याख्या देऊन सांगता येईल, पण व्याख्या पाठ होतात आणि विसरल्या जातात. त्यापेक्षा आपल्याच नाशिकच्या एका बाईंकडे पाहू. त्या म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या त्या पत्नी. हे कुटुंब कॅथलिक नव्हते, प्रोटेस्टंट होते. पण टिळकांची भजने मराठी ख्रिस्ती माणूस पंथ न विचारता गात आला आहे, तेव्हा त्यांच्या घरात डोकावायला आपल्याला संकोच नको.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा, गोदावरीकाठच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडील कर्मठ ब्राह्मण. 1857 च्या बंडात लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. वेड हाच शब्द योग्य आहे. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. धान्य तर धुतलेच जाई, पण मीठसुद्धा! मीठ धुतल्यावर हातात काय उरते हे कोणतीही गृहिणी सांगेल.

इथे थोडे थांबू या, कारण मनुष्यस्वभावाचा मोठा धडा या धुतलेल्या मिठात आहे. हा माणूस अज्ञानी नव्हता. शुद्धाशुद्धतेचे नियम त्याला इतरांपेक्षा अधिक ठाऊक होते. पण ते सगळे ज्ञान भीतीच्या चाकरीला लागले होते. फाशीचे भय मनात घर करून बसले, आणि नियमांनी त्या भयाला धर्माचे कपडे घातले. आपल्या ज्ञानाचेही पुष्कळदा असेच होते. ते स्वतःच्या पायावर उभे नसते. आत जे काही दडलेले असेल, मग ती भीती असो, अहंकार असो की जुना राग असो, त्याच्या हाताखाली ते काम करते. कायदा जाणणारा भाऊ कायद्याचा उपयोग भावाला कोर्टात खेचण्यासाठी करतो. पवित्र शास्त्राची वचने ज्याला तोंडपाठ आहेत, तो ती सुनेला टोचायला वापरतो. ज्ञान खरे, वचनही खरे, पण धनी भलताच.

लग्न झाले तेव्हा लक्ष्मीबाई अकरा-बारा वर्षांच्या होत्या. शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. नवरा संस्कृत शिकलेला, कवी, वक्ता. स्वभावाने मात्र तापट आणि लहरी. हातातले पैसे दुसऱ्याला देऊन टाकणार, घरात न सांगता कुठेही निघून जाणार. लिहायला-वाचायला बायकोला त्यांनीच शिकवले. पुढे 1893 मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. प्रभूचे डोंगरावरील प्रवचन वाचून ते भारावून गेले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी स्नानसंस्कार घेतला.

त्या काळच्या ब्राह्मण घरात या बातमीचा अर्थ काय होता हे आज समजणे कठीण आहे. नवरा जिवंत, पण गेल्यात जमा. पदरात लहान मुलगा. चार-पाच वर्षे दोघे वेगळे राहिले. काही काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात काढला. अशा वेळी सल्ला देणाऱ्यांची उणीव नसते. ईयोबाच्या ग्रंथातले तीन मित्र आठवा. त्याचे दुःख पाहून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. पुढे त्यांनी तोंडे उघडली आणि अध्यायामागून अध्याय धर्मशास्त्र ऐकवले. त्यांच्या बोलण्यात चुकीचे वाक्य शोधायला बसले तर वेळ लागेल, इतके ते व्यवस्थित आहे. तरी शेवटी देवाने ठपका ठेवला तो त्यांच्यावरच. माझ्या मते त्या संपूर्ण भेटीत त्यांनी केलेली सर्वांत शहाणी गोष्ट म्हणजे पहिल्या सात दिवसांचे मौन.

टिळकांकडे वादविवादाचे कौशल्य भरपूर होते. पण पत्नी पुन्हा त्यांच्याकडे आली तेव्हा तिच्या श्रद्धेवर त्यांनी सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंचे सोवळे वेगळे, पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात ब्राह्मण बायको आपला आचार पाळून राहत होती. तापट माणसाला हे कसे साधले याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. एरवी क्षुल्लक कारणावरून भडकणारा हा माणूस ज्या गोष्टीत घाई करायला सर्वांत अधिक अधीर असेल, नेमक्या त्याच गोष्टीत थांबला.

मग एके रात्री लक्ष्मीबाईंना झोप येईना. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्या स्वतःशीच सोडवत बसल्या. कुणी पंडित समोर नव्हता, हातात ग्रंथ नव्हता. देवाने केला असता तर जनावरांच्या जाती जशा दिसण्यावरूनच वेगळ्या कळतात तशी माणसेही वेगळी दिसली असती; पण जन्म, मरण, भूक, सुखदुःख तर सगळ्यांचे सारखेच. म्हणजे हा भेद माणसाचा. सकाळ झाली तेव्हा त्यांचा निश्चय झाला होता, आणि त्यानंतर कुणाच्याही हातचे खाणे-पिणे त्यांनी वर्ज्य मानले नाही. मीठ धुणाऱ्या बापाची ही मुलगी! स्नानसंस्कार त्यांनी पुढे घेतला, पण मला वाटते बंद दार उघडले ते त्या रात्री.

नवऱ्याच्या मागोमाग बायको गेली, एवढ्यावर काही लोक ही गोष्ट संपवतात. ते बरोबर नाही. नवऱ्याने वर्षानुवर्षे जे सांगितले असेल ते तिच्याजवळ ज्ञान म्हणून जमा होतेच. ते तिचे स्वतःचे झाले ते तिने रात्र जागून, स्वतःच्या लहानपणच्या भीतीला तोंड देऊन. दुसऱ्याच्या हिशेबाचे उत्तर आपल्या वहीत उतरवता येते, पण गणित येत नाही. आपल्या घरातल्या तरुणांशी बोलताना हे लक्षात ठेवले तर किती तरी भांडणे टळतील. मुलगा मिस्साला यायचा बंद झाला की आपण त्याला जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर उपदेश करतो. त्याला मुद्दे माहीत नाहीत असे थोडेच आहे? धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याने ते पाठ केले होते, बक्षीसही घेतले होते.

शाळा न शिकलेल्या माणसाला सुज्ञतेचे दान मिळते याचे नवल करायला नको. सिएनाची संत कॅथरीन (1347–1380) हिचे शिक्षण नव्हते. बहुतेक पत्रे तिने दुसऱ्यांना सांगून लिहवली, आणि त्या पत्रांतून पोपमहोदयांनाही कर्तव्याची आठवण करून दिली. 1970 साली पोप सहावे पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून घोषित केले. उलट शलमोन राजा पाहा. राज्यावर बसताना त्याने संपत्ती मागितली नाही, समंजस अंतःकरण मागितले आणि ते त्याला मिळालेही. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात हे वाचून आपण पुस्तक मिटतो. अकरावा अध्याय वाचत नाही. तिथे तोच शलमोन म्हातारपणी भरकटलेला दिसतो. सुज्ञता ही भिंतीवर टांगायची पदवी नव्हे; एकदा मिळाली म्हणून ती आयुष्यभर राहीलच असे नाही.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ती राहिली, याचा पुरावा म्हणजे त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र. 1934 पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले आणि मराठीतल्या उत्तम पुस्तकांत गणले जाते. इंग्रजीतही त्याची भाषांतरे झाली आहेत. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. मला त्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो विनोद. वडिलांचे वेड, नवऱ्याचा संताप, लोकांनी केलेली अवहेलना हे सगळे त्यांनी लिहिले आहे, पण कडवटपणा नाही. आणि सर्वांत जास्त हसल्या आहेत त्या स्वतःला. ज्या माणसाला स्वतःचे हसू येते त्याच्या ज्ञानावर अहंकाराला सहजी स्वार होता येत नाही. आपल्या धर्मग्रामातल्या सभांमध्ये थोडे असे हसू आले तर सभा लवकर संपतील, असेही वाटून जाते.

9 मे 1919 रोजी टिळक वारले. मागे एक अपुरे काम राहिले होते: प्रभू येशूचे चरित्र ओवीत सांगणारे ‘ख्रिस्तायन’. टिळकांच्या हातून जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे. संस्कृत नाही, शाळा नाही, जोडाक्षरांचीसुद्धा भीती वाटावी अशी सुरुवात. नवऱ्याचे अपुरे काव्य हाती घेणे म्हणजे त्याच्या विद्वत्तेशी तुलना ओढवून घेणेच होते. त्यांनी ते काम घेतले आणि थोडेथोडे करीत 64 अध्याय लिहिले. 1936 साली नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ छापून बाहेर आले ते त्यानंतर दोन वर्षांनी, 1938 मध्ये.