निसर्गाचा कोप नव्हे, कारणांची साखळी



दीक्षा घेतलेल्या कुटुंबाची खरी परीक्षा दीक्षेच्या दिवशी होत नाही. त्या दिवशी सोबतीला समाज असतो, मनात उत्साह असतो. परीक्षा पुढे होते. पाऊस दडी मारतो आणि उभे पीक करपते. ओढ्याला पूर येतो आणि घराची भिंत खचते. मध्यरात्री लेकरू तापाने फणफणते. अशा वेळी शेजारची एखादी म्हातारी, कधी आपल्याच घरची आजी, म्हणते, "देव्हारा रिकामा केलात, त्याचे हे फळ. मरीआई कोपली." ज्याने बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्याचाही हात मग अंगाऱ्याकडे जातो. म्हणून या प्रश्नाचा आपण शांतपणे विचार केला पाहिजे.

१. भीती वाटणे हा दोष नाही

मज्झिम निकायात भयभेरव नावाचे सुत्त आहे. त्यात तथागत जानुस्सोणि ब्राह्मणाला आपला बोधीपूर्वीचा अनुभव सांगतात. लोक ज्या जागांना भीत, अशा अरण्यातल्या व झाडांखालच्या देवस्थानांत ते चतुर्दशी-अष्टमीसारख्या रात्री मुद्दाम जाऊन राहिले. एखादे जनावर जवळ येई, मोराच्या पायाखाली काटकी मोडे, वाऱ्याने पाला सळसळे आणि मनात भीती उभी राही. भीती आली हे त्यांनी ओळखले. चालताना आली तर चालतानाच तिला जिंकले, बसलेले असताना आली तर उठून पळाले नाहीत.

जी भीती सिद्धार्थ गौतमांना वाटली ती आपल्याला वाटली तर लाज कसली? घाबरल्याने धम्म सुटत नाही. भीतीच्या भरात विचार सोडून दिला, तर मात्र सुटतो.

२. निसर्गाला राग नसतो

कारणावाचून काही घडत नाही, हा प्रतीत्यसमुत्पादाचा साधा अर्थ आहे. पूर्वी गावात पटकी आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेत. पटकीचे कारण दूषित पाणी व अन्न हे कळले आणि पाणी शुद्ध होऊ लागले, तशी ती हटू लागली. देवीच्या रोगाला तर नावच देवीचे होते. १९७५ साली भारतात या रोगाचा शेवटचा रुग्ण आढळला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. हे काम लसीने केले, नवसाने नव्हे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली. जमिनीने पापी आणि पुण्यवान निवडले नाहीत. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. कुडाच्या वा पत्र्याच्या हलक्या छपराखाली जीव वाचण्याचा संभव अधिक होता. कारण घराच्या बांधणीत होते, म्हणून उपायही बांधणीतच शोधावा लागतो.

१९३४ साली बिहारमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असे महात्मा गांधी म्हणाले. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. अस्पृश्यता हा घोर अन्याय होता, यात शंका नाही. पण भूकंपाच्या ढिगाऱ्याखाली ज्यांनी अस्पृश्यता पाळली ते आणि ज्यांनी ती सोसली ते, दोघेही सापडतात. मग शिक्षा कोणाला झाली? आपल्या बाजूचे वाटणारे अज्ञानही अज्ञानच असते.

३. "मागच्या जन्माचे पाप"

संकटात दुसरे एक वाक्य ऐकू येते : मागच्या जन्मी काहीतरी केले असेल. मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने हाच प्रश्न तथागतांना विचारला होता. तथागतांनी दुःखाची अनेक कारणे सांगितली : पित्त, कफ, वात, ऋतूतील बदल, शरीराची हेळसांड, दुसऱ्याने केलेला आघात. कर्माचा विपाक हे त्यांपैकी केवळ एक. सारेच दुःख पूर्वकर्माचे म्हणणे त्यांनी चूक ठरविले.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला आहे. गरिबाची दैना त्याच्याच माथी मारली की राज्य आणि समाज जबाबदारीतून मोकळे होतात, हे त्यांनी दाखवून दिले. ज्याचे लेकरू गेले त्याला "तुझेच पाप" म्हणणे यापरते क्रौर्य नाही.

४. दुःखाला अर्थ आपण द्यायचा

कोणी विचारील, "संकट शिक्षा नाही, परीक्षाही नाही, तर मग त्याला अर्थ काय?" कोसलचा राजा प्रसेनजित याला तथागतांनी विचारले होते : चारी दिशांनी आभाळाएवढे पर्वत सर्वांना चिरडीत चालून आले, तर तू काय करशील? राजाजवळ हत्ती होते, सैन्य होते, धन होते. त्यांचा काही उपयोग नव्हता. धम्माने वागावे, सत्कर्म करावे, याखेरीज काय उरते, असे तो म्हणाला. तथागतांनी त्याला दुजोरा दिला.

पर्वताला अर्थ नसतो. पर्वत येत असताना आपण शेजाऱ्याचा हात धरतो की सोडतो, यात अर्थ असतो. १९७२ च्या दुष्काळात आपल्या कितीतरी आयाबहिणींनी रखरखत्या उन्हात खडी फोडली. त्या कष्टांत पुण्य नव्हते. पण 'भीक नको, काम हवे' या भावनेतून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा महाराष्ट्रात झाला. सोसलेल्या दुःखातून पुढच्यांसाठी वाट निघाली, हा त्याचा अर्थ.

५. घरी काय करावे

संकट आले की प्रथम कुटुंबाने एकत्र बसून त्रिसरण-पंचशील म्हणावे. ते मन स्थिर करण्यासाठी आहे, संकट टाळण्याचा मंत्र म्हणून नव्हे. मग कारण शोधावे. आजाऱ्याला दवाखान्यात न्यावे. नवसाचा पैसा औषधाला लावावा. शेजारी कोणत्याही जातीधर्माचा असो, त्याच्या दारी आधी जावे. आणि आजीला हिणवू नये. तिने उपचाराविना गेलेली मुले पाहिली आहेत. तिची भीती खरी आहे. तिच्याजवळ बसावे आणि लेकरू बरे झाले की ते तिच्याच मांडीवर द्यावे.

चिंतनासाठी प्रश्न
(१) आपल्या घरात मागील संकट आले तेव्हा आपण आधी कारण शोधले की दोषी शोधला?
(२) सिद्धार्थांनी भीतीला कसे जिंकले?
(३) आज आपल्या वस्तीत कोण अडचणीत आहे, आणि आपण त्याच्याकडे गेलो आहोत का?

जय भीम!