उसाची जात कुठून येते, आणि कुठे बिघडते?



गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : "सरकार संशोधनावर एवढा पैसा घालते, त्यातलं आमच्या बांधावर काय येतं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर आपल्या सातबाऱ्यावरील उसाच्या नोंदीतच सापडते.

आपण 'शहाऐंशी बत्तीस' म्हणतो ती जात म्हणजे को ८६०३२. 'को' म्हणजे कोइमतूर. तेथे १९१२ साली सरकारने ऊस पैदास केंद्र काढले. डॉ. बार्बर आणि टी. एस. वेंकटरमण यांनी जाड, गोड उसाचा संकर नदीकाठच्या रानटी उसाशी केला. रानटी उसात साखर फारशी नाही, पण काटकपणा आहे. त्यातून १९१८ साली को २०५ ही जात बाहेर पडली. आपल्याकडे उसाला तुरा येतो, पण त्यात बी सहसा नीट धरत नाही. कोइमतूरच्या हवेत ते धरते. म्हणून देशभरातले संकर तिथे होतात आणि तुऱ्यातले बी राज्यांच्या केंद्रांना मिळते. आपल्या राज्यात हे काम नीरेच्या खोऱ्यातले पाडेगाव केंद्र १९३२ पासून करीत आहे.

आता वेळेचा हिशेब बघा. बियापासून हजारो रोपे करायची, त्यातली बहुतेक टाकून द्यायची, राहिलेली वर्षानुवर्षे लागणीत आणि खोडव्यात तपासायची. आकड्यातले ८६ म्हणजे १९८६ साल. त्या साली क्रमांक पडलेली ही जात आपल्या राज्यासाठी १९९६ मध्ये प्रसारित झाली. संकर तर त्याच्याही आधीचा. पाडेगावची कोएम ०२६५, म्हणजे फुले २६५, ही २००७ सालची. एवढी वर्षे उत्पन्नाशिवाय थांबणे एकट्या शेतकऱ्याला किंवा एका कारखान्याला झेपणारे नाही. म्हणून तिथे सरकारी पैसा लागतो. १९७५ साली साखर कारखान्यांनी मिळून पुण्याजवळ मांजरीला संस्था उभारली, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. म्हणजे या कामात आपलाही वाटा आहे.

जात एकदा मिळाली की काम संपले, असे मात्र नाही. उत्तर प्रदेशात को ०२३८ या जातीने उतारा आणि टनेज दोन्ही वाढवले. बघता बघता बहुतेक सगळे क्षेत्र तिच्याखाली गेले. मग लाल कूज आली आणि त्याच जातीचे फड वाळू लागले. एकाच जातीवर सगळा भरवसा ठेवला की रोगाला मोकळे रान मिळते. म्हणून नव्या जातींचे काम अखंड चालले पाहिजे, आणि आपणही सगळे रान एकाच जातीखाली घालू नये.

दुसरी गोष्ट आपल्याच हातातली. ऊस कांडीपासून लावतो, त्यामुळे आईचा रोग लेकीत उतरतो. गवताळ वाढ, काणी हे बेण्याबरोबर जातात. शेजाऱ्याच्या खोडव्यातून मोळ्या आणून लागण केली, की दहा वर्षांचे संशोधन एका हंगामात पाण्यात! मग आपण म्हणतो, "जात बिघडली." खरं तर बेणं बिघडलेलं असतं.

त्यावर उपाय त्रिस्तरीय बेणे मळ्याचा. मूलभूत बेण्याला ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त गरम हवेत अडीच तास ठेवतात. त्यापासून पायाभूत मळा होतो आणि पायाभूतपासून प्रमाणित. सभासदाने एवढे करावे :

१. बेणे दर तीन-चार वर्षांनी बदलावे.
२. बेणे १० ते ११ महिन्यांचे, लागणीचेच घ्यावे, खोडव्याचे नको.
३. दोन डोळ्यांची टिपरी करून बेणेप्रक्रिया केल्याशिवाय लावू नये. रासायनिक प्रक्रियेनंतर हेक्टरी १० किलो अॅसेटोबॅक्टर व सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू १०० लिटर पाण्यात मिसळून टिपरी अर्धा तास बुडवावी.
४. गवताळ वाढीचे बेट दिसताच मुळासकट काढून नष्ट करावे.

एक एकर मळ्यातून साधारण आठ-दहा एकरांची लागण निघते. प्रत्येक गावात चार-पाच सभासदांनी मिळून दहा-वीस गुंठे जरी राखले, तरी गावाची बाहेरच्या बेण्याची गरज कमी होते.

जात देणे सरकारचे व संस्थांचे काम, ती निरोगी राखणे आपले. तेव्हा येत्या लागणीआधी गट ऑफिसात बेण्याची मागणी नोंदवा.

आपला,
ऊस विकास अधिकारी