प्राध्यापक शिकवतात कुणाला?

प्रश्न : तंजावरला गेलो असताना ओरत्तनाडुचं मुक्तांबाळ छत्र पाहिलं. त्या वेळी सोबत असलेल्या तिथल्या ताई विद्यापीठात ‘विशेष शिक्षण’ शिकवतात असं कळलं. पण विशेष मुलं विद्यापीठात कुठे असतात? मग त्या शिकवतात तरी कुणाला?

उत्तर : छत्रापासूनच सुरुवात करू. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०१ साली इंग्रजांना लिहिलेल्या पत्रात तिथल्या छत्रांची, म्हणजे वाटसरूंसाठीच्या धर्मशाळांची, व्यवस्था सांगितली आहे. वाटसरूंची अनाथ पोरं तिथल्या पंतोजींच्या हवाली होत. त्यांना जेवण, कपडे, औषधपाणी मिळे आणि ज्या विद्येकडे ओढा असेल ती शिकवली जाई. पोराचा कल पाहून शिकवायचं, हेच त्या ताईंचंही काम. फक्त मधे एक पायरी आहे. त्या मुलांना नव्हे, त्यांच्या भावी शिक्षकांना, म्हणजे विशेष बी.एड., एम.एड.च्या विद्यार्थ्यांना शिकवतात.

यातलं खरं काम फळ्यापुढे होत नाही, विशेष शाळेतल्या सरावपाठात होतं. विद्यार्थिनी पाठ घेते, प्राध्यापक मागच्या बाकावर वही घेऊन बसतात. समजा, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी तिने उद्दिष्ट लिहिलं : ‘मुलाला पैसे समजतील.’ त्यावर काट बसते. समजले हे ओळखायचं कशावरून? मग ती लिहिते : ‘समोरच्या तीन नाण्यांतून दहाचं नाणं पाचांपैकी चार वेळा उचलून देईल.’ आता शिकवता येईल आणि मोजताही येईल. हा काटेकोरपणा अंगी मुरायला वर्षं लागतात. शाळेत पाऊल न टाकता नुसत्या नोट्सवर हा विषय शिकवणारे भेटतात. त्यांचं शिकवणं मला तरी कोरडं वाटतं.

या पेशाची वाट साधारण अशी : विशेष बी.एड., मग एम.एड., पुढे नेट किंवा पीएच.डी. शिवाय भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती मुदतीत नूतनीकृत करावी लागते. परिषदेच्या १९९२च्या कायद्यानुसार नोंदणीविना व्यवसाय केला तर वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साध्या बी.एड.च्या प्राध्यापकांमागे हे लचांड नाही. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, पण कायम जागा मिळाली तर. तासिका तत्त्वावर काढलेल्या वर्षांबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मागणी मात्र वाढते आहे. २०१६च्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७वरून २१ केले. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळेत दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितलं. एवढे शिक्षक घडवणार कोण, हा प्रश्न त्या ताईंच्याच खात्यात येतो.

तुमच्या घरी कुणाला या वाटेनं जायचं असेल, तर मुंबईत एसएनडीटीचा जुहूतला विभाग किंवा वांद्र्याची अली यावर जंग संस्था, तमिळनाडूत कोइम्बतूरचं अविनाशीलिंगम विद्यापीठ इथे चौकशी करा. अर्ज भरण्याआधी अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे ना ते पाहा, आणि जवळच्या विशेष शाळेत आठवडाभर बसून या.