दर विचारावेत ते घरात सगळे धडधाकट असताना

मध्यरात्री छातीत कळ आलेल्या माणसाला घेऊन दर विचारत फिरता येत नाही, फिरूही नये. तेव्हा पाहायचे ते एवढेच: जवळ कोणते रुग्णालय आहे आणि तिथे त्या दुखण्यावर उपचारांची सोय आहे का. दरांची चौकशी त्याआधीच झालेली हवी, हे सासूबाईंच्या आजारपणाने मला शिकवले.

त्यांना पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात नेले. उपचार उत्तम झाले. पण जनरल वॉर्डात खाट नाही, सेमी-स्पेशल घ्या, असे पहाटे काउंटरवर सांगितले गेले. खोलीभाड्यातला फरक परवडण्याजोगा होता. अंतिम बिलात मात्र डॉक्टरांच्या भेटी आणि तपासण्याही त्याच वर्गाच्या चढ्या दराने लागल्या होत्या. त्यावर पॉलिसीतल्या खोलीभाड्याच्या मर्यादेकडे बोट दाखवून विमा कंपनीने त्या प्रमाणात रक्कम कापली. ती आम्ही खिशातून भरली.

नंतर मी घराजवळच्या रुग्णालयांत दुपारच्या निवांत वेळी जाऊन चौकशी केली. महाराष्ट्रात 2021 च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी प्रमुख सेवांचे दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. तो फलक जरूर वाचा, पण तेवढ्यावर थांबू नका. ज्या रुग्णालयात खाटेचा दर सर्वांत कमी होता, तिथे मॉनिटर, ऑक्सिजन, नर्सिंग यांचे पैसे वेगळे होते. बेरीज केल्यावर तेच महाग निघाले. म्हणून सगळीकडे हेच प्रश्न विचारा:

- कॅज्युअल्टीत तपासून घरी सोडले तर किती? रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी जादा किती?
- आयसीयूच्या एका दिवसाच्या दरात काय काय धरले आहे?
- खोलीचा वर्ग बदलला तर आणखी कशाकशाचे दर वाढतात?
- अनामत किती? आपल्या विमा कंपनीची कॅशलेस सोय आहे का?
- महात्मा फुले जनआरोग्य योजना इथे लागू आहे का? असेल तर आरोग्यमित्र कुठे बसतात?

धर्मादाय रुग्णालयांची वेगळी नोंद ठेवा. तिथे 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. या गटांतला रुग्ण तातडीने आला तर दाखल करताना अनामत मागता येत नाही. पैशांअभावी कुणी दारातूनच परतवू लागले तर ठामपणे सांगा: अपघातातल्या जखमीवर तातडीने उपचार करणे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात बजावले आहे.

एवढी माहिती एका कागदावर मावते. त्यावर 108 या मोफत रुग्णवाहिकेचा क्रमांक, पॉलिसी क्रमांक आणि खोलीभाड्याची मर्यादा लिहा. कागद घरात सगळ्यांना दिसेल अशा जागी लावा आणि त्याचा फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. वेळ येईल तेव्हा घरी कोण असेल, हे सांगता येत नाही. दर बदलत राहतात. पॉलिसीचे नूतनीकरण कराल तेव्हा तेही दरवर्षी नव्याने विचारा.