तळहातांस सुटणारा घाम

उन्हात राबणाऱ्यास घाम आला तर त्यात नवल नाही. आपल्या कातडीत सुमारे 20 ते 40 लाख घर्मपिंड आहेत. त्यांतून पाझरलेले पाणी वाळताना अंगातील उष्णता घेऊन जाते. आम्ही येथे लिहितो ते निराळ्या घामाविषयी. थंडीच्या दिवसांत सावलीत बसले असताही कित्येकांच्या तळहातांतून व तळपायांतून पाणी निथळते. शाळेतील मूल लिहू लागले की कागद भिजतो, अक्षरे फिसकटतात. गुरुजींस मूल हलगर्जी वाटते. घरची माणसे त्यास भित्रे म्हणतात.

ही समजूत चुकीची होय. यात घर्मपिंड निरोगीच असतात, पण त्यांस हुकूम देणारे मज्जातंतू नको तेव्हा हुकूम देत राहतात. हा विकार बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो, आणि पुष्कळदा एकाच घराण्यातील अनेकांस असतो. भीतीने तो वाढतो हे खरे, परंतु भीती हे त्याचे मूळ नव्हे. मूल झोपी गेले की हात कोरडे होतात. ही खूण आईने रात्री सहज पाहून घ्यावी.

झोपेतच अंथरूण भिजत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. सोबत खोकला, बारीक ताप व वजनात घट असल्यास क्षयाची शंका धरून थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. थायरॉईडच्या विकारानेही सर्वांगास घाम सुटतो. मधुमेहाच्या औषधाने रक्तातील साखर फार उतरली, तरी तसेच होते. छातीत कळ येऊन गार घाम आला, तर क्षणाचाही विलंब न करिता इस्पितळ गाठावे.

तळहातांच्या घामावर पहिला इलाज अॅल्युमिनियम क्लोराईडचा. वैद्यकीय सल्ल्याने ते रात्री निजताना लावावे व सकाळी धुवावे. कातडी अगदी कोरडी हवी, नाहीतर आग होते. पुष्कळ लोक येथेच चुकतात आणि औषधास नावे ठेवितात. गुण आल्यावर आठवड्यातून एकदोनदा लाविले तरी चालते. न्हाव्याच्या पेटीतील तुरटी हाही अॅल्युमिनियमचाच क्षार, पण तिच्यावर विसंबू नये. याने भागले नाही तर हात पाण्यात ठेवून सौम्य विद्युत्प्रवाह देतात. असले यंत्र घरी जुळविण्याच्या भरीस कोणी पडू नये. बोट्युलिनमच्या सुया काही महिने गुण देतात, पण महाग पडतात. छातीतील मज्जातंतू तोडण्याची शस्त्रक्रियाही आहे. तीमुळे हात कोरडे होतात, परंतु पुष्कळांच्या पाठीस व पोटास जास्त घाम सुटू लागतो, म्हणून आमच्या मते तिचा विचार अगदी शेवटी करावा.

औषधास गुण येईपर्यंत मुलाच्या हाताखाली टिपकागद ठेवावा, आणि कागद का भिजतो हे आईबापांनी गुरुजींस स्वतः जाऊन सांगावे.