मुलीचे नाव : आजीच्या मनातले की धम्माच्या पानातले?

घरात कन्यारत्न जन्माला आले की आनंदाबरोबर एक प्रश्नही येतो. नाव काय ठेवायचे? धम्मदीक्षा घेऊन फार दिवस न झालेल्या कुटुंबात हा प्रश्न थोडा अवघड होतो. आजी म्हणते, माझ्या सासूचे नाव चालवा, नाहीतर पंचांग पाहून अक्षर काढा. तरुण बाप वंदनेच्या पुस्तकातून 'उप्पलवण्णा' हे नाव शोधून आणतो. आजीला ते उच्चारता येत नाही, शेजारीण हसते आणि बाळंतीण बिचारी दोघांच्या मध्ये सापडते. भोकरदनच्या पेठेत काय किंवा तालुक्यातील एखाद्या वस्तीत काय, हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. आजच्या पाठात आपण याच प्रश्नाचा धम्माच्या दृष्टीने विचार करू.

मुलगी झाली म्हणून

नावाआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. कोसलचा राजा प्रसेनजित तथागतांजवळ बसला असता राणी मल्लिकेला मुलगी झाल्याचा निरोप आला. राजाचा चेहरा उतरला. तथागतांनी ते ओळखले आणि त्याला सांगितले की, शहाणी व शीलवान निघालेली मुलगी मुलापेक्षाही श्रेष्ठ ठरू शकते. संयुत्त निकायात हा प्रसंग आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी जे राजाला सांगावे लागले, ते आजही अनेक घरांत सांगावे लागते. सातारा जिल्ह्यात 'नकुशा', 'नकोशी' अशी नावे घेऊन वावरणाऱ्या मुली होत्या. २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात तेथे सरकारी समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. नको असलेली म्हणून 'नकोशी'! जन्मल्या दिवसापासून त्या लेकरांना हाक मारताना घरचीच माणसे त्यांचा अपमान करीत होती. ज्या घरात पंचशील घेतले जाते, त्या घरात असे नाव कधीही ठेवले जाता कामा नये.

नावाने नशीब बदलते काय?

आता पंचांगाच्या अक्षराकडे वळू. जन्मवेळेवरून अक्षर काढले आणि त्या अक्षराचे नाव ठेवले की मुलीचे भाग्य उजळते, असे सांगितले जाते. जातककथांतील 'नामसिद्धि जातक' याच समजुतीवर आहे. तक्षशिलेला एका आचार्याकडे शिकणाऱ्या एका शिष्याचे नाव होते 'पापक'. सगळे त्याला 'ये पापका, जा पापका' म्हणत. त्याला त्याचा वीट आला आणि मला दुसरे मंगल नाव द्या, असे त्याने आचार्यांना विनवले. आचार्य म्हणाले, जा, देशभर फीर आणि तुला आवडेल ते नाव शोधून आण.

पापक निघाला. एका नगरात एका मृत माणसाला स्मशानात नेत होते. त्याचे नाव विचारले, तर ते होते 'जीवक'. जीवकही मरतो काय? लोक म्हणाले, नाव कोणतेही असो, माणूस मरतोच. पुढे एका दासीला तिचे मालक दोरीने मारीत होते, कारण तिने मजुरी आणून दिली नव्हती. तिचे नाव होते 'धनपाली'. आणखी पुढे रस्ता चुकलेला एक माणूस भेटला. त्याचे नाव 'पंथक', म्हणजे वाट जाणणारा! पापक माघारी आला आणि म्हणाला, आचार्य, माझे नाव आहे तेच बरे.

या कथेचा अर्थ सरळ आहे. नावात मंत्र नाही. अक्षर पाहून ठेवलेल्या नावाने मुलीचे दुखणे टळत नाही आणि न पाहिल्याने येत नाही. दुखणे टळते ते वेळेवर टोचलेल्या लसीने, पोटभर अन्नाने आणि स्वच्छ पाण्याने. म्हणून नावासाठी पंचांग उघडण्याची गरज नाही. पाचवीला सटवाई येऊन कपाळावर लेख लिहिते, ही समजूतही याच जातीची. आपल्या धम्मात माणसाचे भवितव्य त्याच्या कम्माने घडते, रात्री येऊन कोणी लिहून जात नाही.

मग नावाचा एवढा आग्रह का?

येथे एखादा उपासक विचारील, नावात काहीच नसेल तर आजीचे ऐकावे, वाद कशाला? ही शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

नावाने नशीब ठरत नाही हे खरे. पण नावाने माणसाला हिणवता येते हेही तितकेच खरे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे, असा नियम आहे. कचरू, धोंडू, दगडू ही नावे आपल्या आजा-पणजांनी लावली. काही घरांत लेकरू जगावे, त्याला दृष्ट लागू नये म्हणून ती ठेवली जात. पण गावाने मात्र त्या नावांना तुच्छतेनेच हाक मारली. ज्या ग्रंथात हा नियम आहे, तो ग्रंथ परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळण्यात आला. आपल्या मुलीला मानाचे नाव देणे हे त्याच कार्याचे घरगुती रूप आहे.

मराठवाड्याला तर हे वेगळे सांगायला नको. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या सोळा वर्षांत आपल्या लोकांची घरे जळली, माणसे मारली गेली. नावाने नशीब बदलत नाही, पण नावातून कोणाचा मान राखला जातो आणि कोणाचा नाकारला जातो, हे आपण रक्त सांडून शिकलो आहोत.

म्हणून आपण नाव निवडतो ते शुभ-अशुभासाठी नव्हे. मुलीला हाक मारताना एक चांगली आठवण आणि एक चांगले ध्येय घरात रोज उच्चारले जावे, यासाठी निवडतो.

भोगवर्धनच्या दानशूरांची आठवण

पुष्कळांना वाटते की बौद्ध नावे बाहेरची, आपल्या मातीत ती नवी आहेत. भोकरदनच्या लोकांनी तरी असे म्हणू नये. भोकरदन हेच प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांचे जे लेख कोरलेले आहेत, त्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांचाही उल्लेख येतो. १९७३ साली येथे नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केले, तेव्हा केळना नदीकाठच्या या गावाचे सातवाहन काळातील वैभव उजेडात आले. सांचीच्या दानलेखांत उपासिका आणि भिक्खुणी मोठ्या संख्येने आहेत. बुद्धरक्खिता, धम्मरक्खिता, संघरक्खिता या धर्तीची नावे तेथे वाचायला मिळतात. त्या काळी ही नावे कोणालाच विचित्र वाटत नसत, ती घराघरातली नावे होती. मधल्या शतकांत ती आपल्याकडून हिरावली गेली. आज ती पुन्हा घेताना आपण परके काही आणत नाही, आपलेच हरवलेले परत आणतो.

थेरींची नावे आणि त्यांचा अर्थ

नाव ठेवायचे तर त्यामागची गोष्ट आईबापांना माहीत असावी. काही नावे पाहू.

विशाखा : श्रावस्तीची महाउपासिका. तिने संघासाठी पूर्वाराम विहार बांधला.

खेमा : राजा बिंबिसाराची राणी. पुढे भिक्खुणी होऊन प्रज्ञेत अग्रगण्य ठरली.

धम्मदिन्ना : पूर्वाश्रमीच्या पतीने विचारलेल्या धम्मविषयक प्रश्नांना तिने जी उत्तरे दिली, ती ऐकून, मीही हेच उत्तर दिले असते, असे तथागत म्हणाले.

सोमा : बाईची बुद्धी दोन बोटांची, असे म्हणणाऱ्या माराला तिने निरुत्तर केले.

पटाचारा : पती, मुले, आईवडील, सर्व गमावून वेडीपिशी झालेली स्त्री. धम्मात येऊन तिने अनेक दुःखी स्त्रियांना मार्ग दाखवला.

पुण्णा : अनाथपिंडिकाच्या घरी पाणी भरणारी दासी. थंडीत कुडकुडत नदीत बुड्या मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले की, पाण्याने पाप धुतले जात असेल, तर बेडूक आणि कासवे सगळी स्वर्गात जातील काय? दासीने पंडिताला शहाणे केले.

जुने नाव की नवे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बावीस प्रतिज्ञांत कोणते नाव ठेवावे अशी प्रतिज्ञा नाही. क्रियाकर्म ब्राह्मणाकडून करून घेणार नाही, ही प्रतिज्ञा मात्र आहे. तेव्हा विधीच्या बाबतीत तडजोड नको, नावाच्या बाबतीत विवेक हवा. खुद्द बाबासाहेबांचे नाव भीमराव, त्यांच्या आईचे भीमाबाई, पत्नीचे रमाबाई. ही नावे जुन्या परंपरेतलीच होती. आज ती ऐकताच आपले हात जोडले जातात, कारण त्या माणसांनी ती मोठी केली. 'सावित्री' म्हटले की आपल्याला आता पुराण आठवत नाही, सावित्रीबाई फुले आठवतात. 'मुक्ता' म्हटले की फुल्यांच्या शाळेत शिकून १८५५ साली मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिणारी मुक्ता साळवे आठवते. म्हणून आजीने अशी नावे सुचवली तर तोंड वाकडे करू नये.

उलट, नाव केवळ कोणाचे नाही एवढ्यासाठी अवघड शोधू नये. जे आजीला उच्चारता येत नाही, शाळेत गुरुजी चुकीचे लिहितात आणि ज्याचा अर्थ आईलाही सांगता येत नाही, ते नाव मुलीला ओझे होते. तथागतांनी लोकभाषेत उपदेश केला, मग आपण नाव तरी लोकांच्या जिभेवर बसेल असे का ठेवू नये? 'पुण्णा' आजीला परके वाटत असेल, तर तिला सांगा की मराठीत त्याचेच 'पूर्णा' होते, आणि आपली केळना ज्या नदीला मिळते तिचेही नाव पूर्णाच आहे. सुजाता, विशाखा, उत्तरा, सुमेधा ही नावे तर आजीच्या ओठांवरही बसतात आणि धम्माच्या पानांतही सापडतात. आजीला दुखावून धम्म वाढत नाही. तिला शेजारी बसवून त्या थेरीची गोष्ट सांगितली, तर पुष्कळदा तीच नाव पसंत करते.

नोंदीची काळजी

नामकरण साध्या रीतीने करावे. त्रिसरण, पंचशील, वंदना, नावाचा अर्थ सांगणारे चार शब्द आणि मुलांना खाऊ, एवढे पुरे. कर्ज काढू नये.

जन्माची नोंद मात्र २१ दिवसांच्या आत नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत झालीच पाहिजे. नाव ठरले नसेल तरी नोंद करता येते. १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क नोंदवता येते, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा नावासाठी घाई किंवा भांडण करण्याचे कारण नाही. पाळण्यात एक आणि दाखल्यावर दुसरे असा घोळ करू नये. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम महाराष्ट्रात ठरला आहे. ज्या मुलीच्या नावामागे आईचे नाव लागणार, तिचे नाव ठरवताना त्या आईला आधी विचारावे, हे सांगायला हवे काय?

उपासक-उपासिकांनो, नाव एक दिवसाचे काम आहे, ते नाव मोठे करणे वीस वर्षांचे. मुलीचे नाव विशाखा ठेवले आणि दहावीच्या आत तिचे हात पिवळे केले, तर त्या नावाची थट्टा झाली. नाव साधे असले, पण मुलगी शिकली, शीलाने वागली, तर पुढच्या पिढीतील आया आपल्या लेकींना तिचे नाव देतील.

अभ्यासासाठी प्रश्न

१. नामसिद्धि जातकातील पापक माघारी का आला?
२. नावाने नशीब बदलत नाही, तरी अपमानाचे नाव का नाकारावे?
३. आपल्या घरातील मुलींच्या नावांचा अर्थ काय? आज रात्री वंदनेनंतर त्यांना तो सांगा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!