पावसाळ्यात ब्रॉयलरची गादी ओली राहते

प्रश्न : कासार आंबोलीत आमची ब्रॉयलरची छोटी शेड आहे. पावसात तूस ओले होते, उग्र वास येतो, पिल्ले डोळे मिटून बसतात. सगळी गादी बदलू का?

उत्तर : सगळी नको. फक्त पाण्याच्या भांड्यांभोवतीची लगदा झालेली गादी काढून बाहेर टाका आणि तिथे कोरडे तूस भरा. तुमचा मुळशी तालुका भाताचा पट्टा आहे, तेव्हा राइस मिलमधून तूस मिळायला अडचण नसावी. पण ते पावसाआधीच भरून ठेवा. थर दोन-तीन इंच हवा.

दोष बहुधा पावसापेक्षा पाण्याच्या भांड्याचा असतो. त्याची कड पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ठेवा, पिल्ले वाढतील तशी वर घ्या. तूस मुठीत दाबून पाहा : गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. गादी रोज सकाळी खालीवर करा.

वास म्हणजे विष्ठेतून सुटणारा अमोनिया. डोळे त्यानेच चुरचुरतात. म्हणून पावसातही पडदे पूर्ण बंद करू नका, वरून फटी ठेवा. (थंडी लागेल म्हणून गुदमरवणारे बरेच!) ओल्या गादीत कॉक्सिडिओसिस हा आतड्यांचा रोगही फोफावतो. विष्ठेत रक्त दिसले तर तूस बदलत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्यक गाठा.